ग्राफ तीस टक्केच दाखवत होता

"मॅडम, मघाशी नेट गेलं होतं."

होतं. म्हणजे आता आहे. तुम्ही जेवण अर्धं टाकून त्या टेबलापाशी पोचता तेव्हा व्हिडिओ चालतोय, मेल उघडतायत, आणि तक्रार करणारा स्वतःच ओशाळून म्हणतो, "आता नीट झालंय वाटतं." पाच वर्षांनंतरही हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पूर्ण बंद पडलेलं नेटवर्क परवडलं, कारण ते बंद आहे हे तरी सगळ्यांना दिसतं. मधूनमधून गुदमरणारं नेटवर्क मात्र नवख्या माणसाला वेडं ठरवतं.

मी कराडची, कॉम्प्युटर डिप्लोमा. पुण्यात पहिली नोकरी लागली ती साठेक माणसांच्या ऑफिसात, आणि तिथे नेटवर्कचं सगळं बघणारी मी एकटी. ५० एमबीपीएसची (सेकंदाला ५० मेगाबिट) लीज्ड लाईन, म्हणजे फक्त आमच्यासाठी घेतलेली; आतबाहेरच्या रहदारीवर पहारा ठेवणारी एक फायरवॉल, ऑफिसातल्या केबली जोडणारे तीन स्विच, रॅकमध्ये एक नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाईली ठेवायचा डबा. दिवसभर परदेशी ग्राहकांशी कॉल. कॉलवर आवाज तुटायचा, चेहरे थिजायचे, अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर यायचं. दिवसातून कितीही वेळा. तक्रारी मात्र कधी दोन, कधी नऊ.

आयपी, सबनेट, व्हीलॅन, पिंग (एखाद्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं) हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी ते करा. माझी अडचण ज्ञानाची नव्हतीच. मी एका चित्रावर विश्वास ठेवला होता.

मॉनिटरिंगचा ग्राफ मी आल्याआल्या लावला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. तक्रार आली की मी ग्राफ उघडायची. वापर पंधरा एमबीपीएस, म्हणजे तीस टक्के. लाईन सत्तर टक्के मोकळी! मग दोष वायफायचा, लॅपटॉपचा, समोरच्या ग्राहकाचा. मी चॅनल बदलले, पॅच कॉर्ड बदलल्या, स्विच रीस्टार्ट केले. त्या वेळी मला शिकवणारे एक सिनियर होते, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, साठ माणसं आणि ५० ची लाईन? वाढव." मी ग्राफ दाखवला, तर म्हणाले, ग्राफवर जाऊ नकोस, अनुभव सांगतो. गंमत बघा, ग्राफवर जाऊ नकोस हे अगदी बरोबर होतं आणि लाईन वाढव हे चूक. साहेबांना मेल लिहून मी १०० ची लाईन घ्यायला लावली, वर्षाच्या करारावर. तीन आठवडे त्यात गेले. लाईन आली, दोन-चार दिवस बरंही वाटलं. मग सोमवारी सव्वाअकराला पुन्हा तेच.

आता मी जिथे अडकले ते जरा लांबण लावून सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण यात मी तीन महिने घातलेत.

ग्राफवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे त्या क्षणाचा वेग नव्हे. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी पोर्टला विचारतं, आतापर्यंत किती बाइट गेले? मागचा आकडा वजा करतं आणि ३०० सेकंदांनी भागतं. म्हणजे ठिपका ही पाच मिनिटांची सरासरी. कराडच्या स्टँडवर दिवसभराची सरासरी काढलीत तर प्रत्येक बाकावर जागा रिकामी निघेल. सकाळच्या गाडीला लोंबकळणाऱ्याला ती सरासरी सांगून बघा.

आकड्यांत मांडते. समजा कुणीतरी २५० एमबीची फाईल बाहेर ढकलली. एका बाइटचे आठ बिट, म्हणून २५० गुणिले ८ म्हणजे २००० मेगाबिट. ५० च्या लाईनवर ती बरोबर ४० सेकंद घेणार आणि त्या ४० सेकंदांत लाईन शंभर टक्के भरणार, तसूभर जागा नाही. तेच २००० मेगाबिट ३०० सेकंदांत पसरवले की येतात पावणेसात एमबीपीएससुद्धा नाहीत. त्यात नेहमीची आठ-नऊची रहदारी मिळवा. झाले पंधरा. तीस टक्के! माझा ग्राफ खोटं बोलत नव्हता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते. आणि लाईन १०० ची केल्यावर ते ४० सेकंद २० झाले, एवढंच. अडचण अर्धी झाली नाही, फक्त आखूड झाली. म्हणून ते दोन-चार दिवस बरे वाटले.

(जाता जाता: जुन्या स्विचवर ३२ बिटांचा काउंटर (गेलेले बाइट मोजणारा आकडा) वाचत असाल तर पूर्ण भरलेल्या गिगाबिट पोर्टवर तो साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलेला आकडा मग काहीच्या काही असतो. ६४ बिटांचा काउंटर घ्या. हे मला कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही.)

सापळ्याचा दुसरा अर्धा भाग जास्त फसवा आहे. लोक म्हणतात "डाउनलोड स्लो आहे", म्हणून आपण डाउनलोडकडे बघतो. पण टीसीपीमध्ये (इंटरनेटवर डेटा पाठवायची नेहमीची पद्धत) येणाऱ्या डेटाची पोच उलट दिशेने जावी लागते, म्हणजे अपलोडमधून. अपलोड तुंबलं की पोच अडकते, पोच अडकली की पाठवणारा थांबतो, आणि डाउनलोडची लाईन मोकळी असूनही हळू चालते. तुंबतं कुठे, तर जिथे रुंद रस्ता अरुंद होतो तिथे. आमच्या फायरवॉलचा पोर्ट १ जीबीपीएसचा, पुढे कंपनीने बसवलेला डबा १०० चा. त्या डब्यातल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागायची आणि कॉलचं इवलंसं पॅकेट मोठ्या फाईलच्या शेपटामागे उभं राहायचं. एका कॉलच्या आवाजाला १०० केबीपीएसच्या आसपास पुरतात, तेव्हा जागेचा प्रश्नच नव्हता. रांगेत घालवलेला वेळ नडत होता. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) जी.११४ शिफारस सांगते की बोलण्यात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. आमच्याकडे त्या वीस सेकंदांत साधा पिंग ४ मिलिसेकंदांवरून ३५० वर जात होता. या फुगलेल्या रांगेला बफरब्लोट असं नाव आहे, हे मला खूप उशिरा कळलं.

आपल्यालाच जमत नाही असं वाटत असेल तर हे वाचा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ केबीपीएसवरून थेट ४० बिट प्रतिसेकंदावर कोसळला होता. दोन्ही ठिकाणांत अंतर ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला, १९८८ मध्ये पेपर लिहिला, आणि आज तुमचा लॅपटॉप गर्दी दिसली की वेग कमी करतो तो त्या कामामुळे. इतक्या मोठ्या माणसांनाही आधी प्रश्नच पडला होता, की हे होतंय तरी काय. तुम्हाला तीन आठवडे लागले तर बिघडलं नाही.

मला वाट दाखवली ती सिनियरनी नव्हे, लाईनच्या कंपनीकडून आलेल्या लाइनमन काकांनी. फायबर तपासून ते म्हणाले, "मॅडम, लाईन साफ आहे. नेट कधी जातं ते घड्याळात बघता का तुम्ही?" मी म्हटलं, हो, तक्रारी लिहून ठेवते. "तक्रारीची वेळ नका लिहू. जातं त्याची वेळ लिहा." मला आधी रागच आला. पण खरं होतं. माणूस आधी कॉल संपवतो, चहा घेतो आणि मग मला सांगतो. माझ्या वहीतल्या वेळा पाच ते वीस मिनिटं उशिराच्या होत्या, म्हणून त्यांत कुठलीच लय दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक जुना लॅपटॉप लिनक्स टाकून रॅकशेजारी ठेवला, थेट स्विचला केबलने. वायफाय नको, नाहीतर एकाच वेळी दोन रोगांची लक्षणं मिसळतात. त्यावर तीन पिंग सतत चालू, वेळेच्या शिक्क्यासह, सेकंदाला एक: पहिला फायरवॉलला, दुसरा लाईनच्या पलीकडच्या गेटवेला (कंपनीकडचं पहिलं यंत्र), तिसरा बाहेरच्या एखाद्या स्थिर पत्त्याला. तिन्ही एकदमच हवेत, कारण मग कोणता बिघडतो त्यावरून जागा कळते. पहिलाच बिघडला तर दोष घरात. पहिला शांत आणि दुसरा उड्या मारतोय तर तुमची लाईन. दुसराही शांत असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही, कंपनीला नोंदी पाठवा.

संध्याकाळी फाईल उघडली. फायरवॉल दिवसभर १ मिलिसेकंद. गेटवे १०:००, १०:१५, १०:३०, १०:४५... दर पंधरा मिनिटांनी वीस सेकंदांचा डोंगर. मी खुर्चीत बसून हसले की रडले ते आठवत नाही. मग जुना ग्राफ काढला. दर तिसरा ठिपका किंचित वर! तीन महिने तो माझ्याकडे बघत होता.

बाकीचं दहा मिनिटांचं काम. फायरवॉलवर पावणेबाराला कोणाचं अपलोड सगळ्यात जास्त ते पाहिलं. नॅस. माझ्या आधीच्या मुलाने ऑफिसच्या वेळेत दर पंधरा मिनिटांनी क्लाउडला बॅकअप लावून ठेवला होता. चांगल्या हेतूनेच लावला होता, कारण साहेबांना रॅन्समवेअरची (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) धास्ती होती. त्याला शिव्या देऊ नका. मी दिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात मीच लावलेला एक सिंक तसाच वागताना सापडला.

उपाय दोन केले. नॅसच्या बॅकअपला वेगाची मर्यादा घातली आणि मोठा भाग रात्री नेला. खरा उपाय दुसरा. फायरवॉलवर बाहेर जाणारा वेग मुद्दाम ९० वर बांधला, लाईनपेक्षा थोडा कमी. दहा एमबीपीएस फुकट घालवले असं साहेबांना वाटलं. पण त्यामुळे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आमच्या फायरवॉलमध्ये लागते, आणि तिथे नियम आपले. त्यावर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत लावली. ती प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, म्हणजे कॉलला बॅकअपच्या मागे उभं राहावं लागत नाही. पुढे मुद्दाम मोठी फाईल ढकलून पाहिली. पिंग वीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला नाही.

प्रत्येक वेळी नॅसच निघेल असं नाही. एकदा एका पोर्टवर भार आला की चुका वाढायच्या आणि नुसत्या पिंगला सगळं छान. एका टोकाला कुणीतरी १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं) हाताने बांधलं होतं, दुसरं टोक ऑटोवर. ऑटोला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ते हाफवर (आळीपाळीने बोलण्यावर) जातं. पोर्टच्या आकडेवारीत लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि सीआरसी (बिघडून आलेली पॅकेटं) दिसले की दुसरीकडे शोधू नका. आणि सगळं ऑफिस महिन्यातून एकदाच बुधवारी सकाळी रांगत असेल तर कॅलेंडर बघा. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, आणि बुधवारी दहाला साठ लॅपटॉप एकदम उघडतात.

स्पीडटेस्टबद्दल माझं मत वाईट आहे. ती चाचणी तुमचीच लाईन भरून दाखवते. कॉल चालू असताना तिसऱ्या माणसाने "बघू किती येतंय" म्हणून ती चालवली की चौथ्याचा कॉल तुटतो. आयपर्फ (दोन यंत्रांमधला वेग मोजायचं साधन) शिका, आणि ऑफिस सुटल्यावर चालवा. डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना मुलाखतीत एकच विचारते, "नेट मघाशी गेलं होतं, आता आहे. काय कराल?" बहुतेक जण राउटर रीस्टार्ट करतात. रीस्टार्टने रांग रिकामी होते, पुरावाही जातो, आणि तुम्हाला वाटतं आपण काहीतरी केलं. तक्रार आली की आधी वेळ लिहा, हात खिशात ठेवा.

सिनियरांचं काय करायचं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्या सरांनी मला सबनेटिंग असं शिकवलं की आजही बोटांवर होतं. पण ज्याने तुमचा पिंगचा लॉग पाहिला नाही, त्याचा अनुभव त्याच्या ऑफिसचा असतो.

सगळं मिटल्यावर साहेबांना सांगणं बाकी होतं. लाईन वाढवायची गरज नव्हती हे तोंडातून निघेना. लॉगचा कागद छापून नेला, डोंगर दाखवले, मग एका दमात सांगून टाकलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

"म्हणजे ५० ची पुरली असती?"

"हो सर."

"करार किती महिने राहिलाय?"

"दहा."

"मग दहा महिने ते बॅकअपचं रात्रीऐवजी दिवसाच चालू दे की. जागा आहे म्हणतेस ना?"

मी वेगाची मर्यादा वाढवून बॅकअप पुन्हा दिवसाला आणला, पण दर तासाला. रॅकशेजारचा लॅपटॉप अजून पिंग करतोय.