वाइसबिअर ओतताना फेस उतू जाऊ नये म्हणून

वाइसबिअर म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियाची गव्हाची बिअर. तिचा न गाळलेला, यीस्टसकटचा प्रकार, म्हणजे पाउलानर, एर्डिंगर किंवा वाइहेनश्टेफानर या ब्रँडची हेफेवाइत्सन, नेहमीच्या लागर बिअरसारखी भसकन ओतली की अर्धा ग्लास फेसानेच भरतो आणि यीस्टचा गाळ बाटलीच्या तळाशीच राहून जातो. तो गाळ टाकून देणं म्हणजे निम्मी चव टाकून देणं.

१. बाटली फ्रिजमध्ये उभीच ठेवा. ६ ते ८ अंश सेल्सिअस पुरे. कोमट बाटली हमखास फसफसते.

२. ५०० मिलीच्या बाटलीला उंच वाइत्सन ग्लास घ्या, ज्यात अर्धा लिटर बिअर मावून वर फेसाला जागा उरते. तो आतून थंड पाण्याने विसळा आणि पुसू नका. कोरड्या काचेवर फेस फार लवकर धरतो, ओल्या काचेवरून बिअर सरळ घसरते. सगळ्यात जास्त फरक याच पायरीने पडतो.

३. ग्लास बराच तिरका धरा. बाटलीचं तोंड आतल्या कडेजवळ नेऊन बारीक, संथ धार सोडा. ग्लास भरेल तसा सरळ करत आणा.

४. बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबा. बाटली हलकेच गोल फिरवा, गाळ सुटला की उरलेली बिअर मधोमध ओता.

लेबलवर ‘क्रिस्टाल’ असेल तर बिअर गाळलेली असते, तिथे चौथी पायरी नको.

ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर मात्र फेस लगेच विरून जातो. लिंबाची चकतीही त्यात टाकू नका, सालीतल्या तेलानेही तेच होतं.