गिअरबॉक्सला ऑइल कूलर लावताय? या चुका टाळा

दोन महिन्यांत तिसरी गाडी आली बघा. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), जाळीच्या मागे चकचकीत काळा कूलर, ब्रेडेड होज म्हणजे तारेची वीण असलेले पाइप, निळे-लाल फिटिंग, फोटो काढावा असं सगळं, आणि खाली तेलाचं थारोळं. तिन्ही पोरांनी कूलरवर भरपूर पैसे घातले होते आणि फिटिंगवर वाचवले होते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय.

सगळ्यात आधी, तुमचं तेल खरंच तापतंय का हे बघितलंय का? दहातले आठ जण बघत नाहीत. मित्राने लावला म्हणून आपणही. या व्हीआरएसमधला डीक्यू250 म्हणजे ओल्या क्लचचा, क्लच तेलात बुडालेला, सहा गिअरवाला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), त्याचं तापमान स्कॅनरवर सरळ दिसतं. एक आठवडा लॅपटॉप किंवा ओबीडी (गाडीच्या सॉकेटला लागणारा स्कॅनर) लावून फिरा, ट्रॅफिकमध्ये, घाटात, दुपारच्या उन्हात. 90-100 अंशांच्या आसपास राहत असेल तर घरी जा, तेल आणि फिल्टर वेळेवर बदला, पैसे वाचवा. माझा आकडा 120. त्याच्या वर वारंवार जायला लागलं की मग कूलरचं बोलू. आणि हो, आपल्याकडे हे तापणं बहुतेक वेळा ट्रॅकवर होत नाही, सिग्नलला रांगत रांगत होतं, कारण रांगताना क्लच घासत राहतो.

पोलो जीटी टीएसआयवाले मला फोन करतात तेव्हा मात्र डोकं फिरतं. 1.2 वाल्या जुन्या जीटीत डीक्यू200 आहे, कोरड्या क्लचचा. क्लच तेलात नाहीच बुडलेला, तर तेल थंड करून क्लच कसा थंड होणार भाऊ? गिअरचं तेल वेगळं, मेकाट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं) वेगळं. हे सांगितलं की म्हणतात "पण अमक्याने लावलाय". लावला असेल. (2020 नंतरच्या 1.0 जीटीत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक आहे, ती गोष्ट निराळी.)

आता माझी सगळ्यात लाडकी चूक. टेफ्लॉन टेप.

एका पोराने व्हीआरएसला 10 नंबरच्या लाइनचा कूलर बाहेरून मागवला, फिटिंग सगळे एएन म्हणजे आपल्या बाजारातले जेआयसी, हा पाइप जोडायच्या आट्यांचा एक प्रकार. होज मात्र भोसरीत हायड्रोलिकवाल्याकडून दोन तासांत दाबून आणले. होजला काही दोष नाही, ते लोक जेसीबीचे होज बनवतात, तुमच्या गिअरबॉक्सचं प्रेशर त्यांच्यासाठी किरकोळ. पण टोकाला नट लावले पाच सुती (5/8 इंची) बीएसपी, म्हणजे आट्यांचा दुसराच प्रकार, आणि पोराने न बघता घेतले. गंमत अशी की पाच सुती बीएसपी आणि 10 नंबर जेआयसी, दोघांचे आटे इंचाला 14 च. त्यामुळे नट चढतो, छान फिरतो सुद्धा. फक्त बीएसपीचा व्यास पाऊण मिलीमीटरच्या जवळपास मोठा, म्हणून डुगडुगतो. डुगडुगतोय म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? टेफ्लॉन. सात-आठ वेढे मारले, नट घट्ट झाला, गाडी चालू केली, एक थेंब नाही. पोरगा खूश, गाडी घेऊन मुंबईला गेला.

परत येताना खोपोलीच्या पुढे घाट, रविवार संध्याकाळ, म्हणजे रांग लागलेली. तेल तापलं, पातळ झालं, आटे आधीच अर्धेमुर्धे पकडलेले, नट सरकला. तेल एक्झॉस्टवर पडून धूर निघाला म्हणून मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून थांबवलं, तोवर डॅशवर गिअरबॉक्सचा दिवा आणि गाडी इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स वाचवायला ताकद आणि गिअर कमी. फ्लॅटबेडवर टाकून रात्री एक वाजता माझ्या दारात. तेल मोजलं तर तीन लिटर कमी. आणि फिल्टरचं झाकण उघडलं तर आत पांढऱ्या शेवया. टेफ्लॉनच्या. त्या मेकाट्रॉनिकच्या सोलेनॉइडपर्यंत (विजेवर चालणाऱ्या तेलाच्या व्हॉल्व्हपर्यंत) गेल्या असत्या तर बिल ऐकून पोराने गाडीच विकली असती.

तर समजून घ्या, जेआयसी आट्यांवर सील होतच नाही. आटे फक्त ओढून धरतात, सील होतं टोकाच्या 37 अंशाच्या कोनावर, धातूवर धातू. बीएसपीचा कोन 30 चा. दोन वेगळे कोन एकमेकांवर कितीही आवळा, एक बारीक कड टेकते, बाकी हवा. तिथे टेप म्हणजे गळक्या छपराला भिंतीचा रंग. मी काय करतो, व्यास मोजायला व्हर्नियर आणि आटे मोजायला पिच गेज घेऊनच दुकानात जातो, प्रत्येक नट जोडीच्या फिटिंगवर हाताने शेवटपर्यंत फिरवून बघतो, डुगडुगला की परत. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. कोनावर एक थेंब गिअर ऑइल, हाताने घट्ट, मग पान्याने थोडंसं. ॲल्युमिनियम आहे, ट्रकचा नट नाही, पाइप घालून आवळू नका.

दुसरी चूक, थर्मोस्टॅट नाही, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. "जितकं थंड तितकं चांगलं" हे कुणी शिकवलं देव जाणे. डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला निघालेली एक गाडी, वाईपर्यंत तेल 50 च्या वर गेलं नाही, गिअर धक्के देत पडतायत, आणि मालक मला विचारतोय क्लच गेला का. गार तेल जाड असतं, त्यातला ओलावाही उडून जात नाही. 80 च्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट घाला, आणि असा घ्या जो बंद असतानाही थोडं तेल कूलरमधून सोडतो, नाहीतर उघडला की एकदम गार तेलाचा लोंढा. कंपनीचा पाण्याचा एक्सचेंजर (इंजिनच्या कूलंटवर तेल थंड-गरम करणारा) काढून फेकणारे वेगळेच महाभाग. तो ठेवा. थंडीत तोच तेल गरम करतो.

बाकीचं पटापट. कूलरची तोंडं खाली करून लावू नका, वर हवा अडकते. रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कूलर बांधू नका, वर्षभरात रेडिएटर कापला जातो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी आधी रेडिएटरची टाकी, मग हवेचा कूलर, मग परत गिअरबॉक्स असंच ठेवा. रांगत्या ट्रॅफिकसाठी कूलरला स्वतःचा पंखा हवाच, वारा काय ताशी दहाच्या स्पीडला लागतो? साधा पेट्रोलचा रबर पाइप आणि क्लिप नको. फुटलेल्या गिअरबॉक्ससोबतचा जुना कूलर धुऊन परत वापरू नका, आतला चुरा कधीच पूर्ण निघत नाही, मला दहा वेळा विचारलं तरी उत्तर हेच. होज कापल्यावर आतून हवा मारा.

तेलाच्या लेव्हलला लोक घाई करतात. 10 नंबरच्या होजमध्ये मीटरला साधारण 150 मिली तेल बसतं, शिवाय कूलरचं वेगळं, म्हणजे नेहमीचा आकडा भरून चालत नाही. आधी गाडी फिरवून थर्मोस्टॅट उघडू द्यायचा, कूलर भरला की गार होऊ द्यायची, मग डीक्यू250 ची लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल 35 ते 45 मध्ये असताना, खालच्या भोकातून थेंब थेंब पडायला लागेपर्यंत.

कूलर बसवायला काढलेला बंपर मात्र मी त्या दिवशी लावतच नाही. पन्नास किलोमीटर फिरवून आणतो, गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा टाकतो आणि घरी जातो. गिऱ्हाईक कुरकुरतं, आजच पाहिजे म्हणतं. सकाळी पुठ्ठा कोरडा असला तर बंपर चढतो, डाग दिसला तर डागाच्या बरोब्बर वर बघायचं, नट सापडतो.