शिश्किनसारखं जंगल रंगवताय? मग या चुका टाळा

रशियन जंगलाचं पेंटिंग म्हटलं की पहिलं नाव इवान शिश्किनचं (१८३२-१८९८), आणि त्याचं 'पाईनच्या जंगलातली सकाळ' (१८८९) कॉपी करायला घेणारे तर ढिगाने आहेत. घेतात मोठ्या हौसेनं आणि थोड्याच दिवसांत कॅनव्हासवर नुसता हिरवा चिखल होतो, मग तो भिंतीकडे तोंड करून उभा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानं मोजत बसणं. चित्र रिअलिस्टिक आहे ना, मग घ्या झिरो नंबरचा ब्रश आणि करा सुरू! अहो, ओरिजिनल आहे जवळपास १३९ बाय २१३ सेंटीमीटर, तुमचा कॅनव्हास आहे ए-थ्री, तेवढे डिटेल्स मावणार कुठे? आणि त्यानेही सगळीकडे केलेलं नाहीये. नीट झूम करून बघा, बारीक काम आहे ते पुढे, उन्मळून पडलेल्या झाडाची मुळं, मोडलेलं खोड, साल, गवत, आणि मागे धुक्यात खोडं फक्त फिकट उभ्या पट्ट्यांसारखी विरत जातात. म्हणून आधी डोळे किलकिले करून डार्क, मिडल, लाईट एवढे तीनच टोन लावा, पानं नंतर. मागचं जंगल आधीच गडद झालं असेल तर घाबरू नका, पूर्ण वाळू द्या आणि मग व्हाईटमध्ये थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) नि किंचित सिएना (मातकट तपकिरी) घालून त्याचा अगदी पातळ हात फिरवा, जास्त झालं तर लगेच फडक्याने पुसा. ओल्यावर केलंत तर मात्र परत चिखल.

आता खोडं. रशियातला पाईन खाली जाड, भेगाळलेल्या सालीचा, करडा-तपकिरी असतो आणि वर जाईल तशी साल पातळ होऊन चक्क नारिंगी दिसते. आपण खालपासून वरपर्यंत एकच ब्राऊन ओढतो, तेही सारख्या अंतरावर, म्हणजे झाले विजेचे खांब. दोन खोडं जवळ, मग मोकळी जागा, एखादं तिरकं, असं ठेवा. आणि ख्रिसमस ट्रीचा त्रिकोण तर नकोच! तो आकार स्प्रूस नावाच्या दुसऱ्या झाडाचा, दाट जंगलातल्या पाईनला खाली फांद्या जवळजवळ नसतात, पसारा सगळा शेंड्याला. १८८६ चं 'सूर्यप्रकाशातले पाईन' समोर ठेवून खोडावरचं ऊन आणि जमिनीवरच्या सावल्या नुसत्या पेन्सिलने काढून बघा, हा माणूस झाडं ओळखून काढायचा, त्याचा ओक ओकच दिसतो.

ट्यूबमधला हिरवा डायरेक्ट लावू नका, प्लास्टिकचं जंगल दिसतं. सॅप ग्रीनमध्ये जरा बर्न्ट सिएना घाला, सावलीला ब्लॅकऐवजी अल्ट्रामरीन आणि अंबर (गडद तपकिरी). आणि रशियन म्हणजे सगळं काळोखं हा समज कुठून आला देव जाणे, 'ओकच्या जंगलातला पाऊस' (१८९१) बघा, भर पावसात छत्री धरून चाललेलं जोडपं, रस्त्यावर साचलेलं पाणी, आणि तरी चित्रात उजेड भरून राहिलाय.

'पाईनच्या जंगलातली सकाळ'मधल्या अस्वलांवर आठवडा घालवणारेही खूप. ती अस्वलं शिश्किनने काढलेलीच नाहीत, सावित्स्की नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने काढली, आधी चित्रावर दोघांच्याही सह्या होत्या पण विकत घेतल्यावर चित्रसंग्राहक त्रेत्याकोवने सावित्स्कीची सही पुसायला लावली (अन्यायच म्हणायचा). तर अस्वलं सगळ्यात शेवटी, आणि जमत नसतील तर सोडून द्या, जंगल त्यांच्याशिवायही उभं राहतं.

ऑइलवाल्यांसाठी अजून एक, खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, लिन्सीड (जवसाचं तेल) जास्त असलेला रंग वरच्या थरात, उलटं केलंत की पुढे तडे जातात. फायनल वार्निशला पातळ रंग असला तरी सहा महिने थांबा, जाड असेल तर अजून जास्त, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.