डोमेनमधील सर्व संगणक सॉफ्टवेअरला कसे सापडतील?

महापे येथे मुख्य कार्यालय आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये शाखा, असे एकच डोमेन (एकत्र सांभाळला जाणारा संगणकांचा आणि खात्यांचा समूह) दोन ठिकाणी पसरलेले असेल, तर नेटवर्क व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरला सगळे संगणक एकाच पद्धतीने सापडत नाहीत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे, म्हणजे डोमेनमधील खात्यांची नोंद ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेकडे, विचारणा करणे आणि प्रत्यक्ष नेटवर्क स्कॅन करणे, ही दोन्ही कामे करून दोन्ही याद्या ताडून पाहाव्या लागतात.

सुरुवात डिरेक्टरीपासून करावी. सॉफ्टवेअर ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर एलडॅप या डिरेक्टरी वाचण्याच्या पद्धतीने डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून, संगणकांची खाती मिळवते. त्यासाठी डोमेनमधील साधे युजर खाते सहसा पुरते. डोमेन ॲडमिनचे खाते येथे मुळीच वापरू नये. मात्र ही यादी खात्यांची असते, यंत्रांची नव्हे. भंगारात गेलेल्या संगणकाचे खाते कोणी काढले नसेल, तर ते वर्षानुवर्षे दिसत राहते. म्हणून शेवटच्या लॉगऑनच्या तारखेवरून यादी गाळावी, पण घाईने नव्हे, कारण डोमेन कंट्रोलरांमध्ये फिरणारी ही नोंद दर लॉगऑनला बदलत नाही आणि मूळ सेटिंगनुसार १४ दिवसांपर्यंत मागे असू शकते. माझ्या मते ९० दिवसांची मर्यादा योग्य आहे आणि त्यानंतरही खाते थेट न काढता आधी डिसेबल करावे.

नावावरून आयपी पत्ता डीएनएस देतो आणि फसगत बहुधा येथेच होते. वागळे इस्टेटमधील एखादा लॅपटॉप दुरुस्तीला गेला, त्याची नोंद तशीच राहिली आणि संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने तो पत्ता दुसऱ्या संगणकाला दिला, की सॉफ्टवेअर एकाच्या नावाखाली भलत्याच यंत्राची माहिती गोळा करू लागते. जोडणी झाल्यावर यंत्राला त्याचे नाव विचारून पडताळण्याचा पर्याय असल्यास तो चालू ठेवावा आणि डीएनएस सर्व्हरवर स्कॅव्हेंजिंग, म्हणजे जुन्या नोंदी आपोआप काढणे, सुरू करावे.

यानंतर दोन्ही ठिकाणच्या आयपी रेंज स्कॅन कराव्यात. केवळ पिंगवर (यंत्र उत्तर देते का, हे पाहणाऱ्या छोट्या संदेशावर) विसंबू नये, कारण विंडोजची फायरवॉल पिंग अनेकदा अडवते. १३५ आणि ४४५ हे विंडोजचे पोर्टही तपासावेत. पिंगला उत्तर न देणारे यंत्र एआरपीला (आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर देते, परंतु एआरपी राउटर ओलांडत नाही. त्यामुळे महाप्यातील सर्व्हरला वागळे इस्टेटमधील यंत्रे या मार्गाने दिसणार नाहीत. तेथे स्वतंत्र स्कॅनर बसवावा किंवा तेथील राउटरचा एआरपी तक्ता एसएनएमपी या नेटवर्क उपकरणांची माहिती वाचण्याच्या पद्धतीने वाचावा.

संगणक यादीत आला, पण त्याची रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर यांचे रकाने कोरे राहिले, तर आधी सॉफ्टवेअर वापरत असलेल्या खात्याला त्या संगणकावर पुरेसे अधिकार आहेत का, हे पाहावे. अधिकार असतील, तर दोन कार्यालयांमधील फायरवॉल तपासावी. डब्ल्यूएमआयची, म्हणजे विंडोज संगणकाची ही माहिती दुरून वाचण्याच्या सोयीची, सुरुवात १३५ पोर्टवर होते आणि पुढचे बोलणे ४९१५२ ते ६५५३५ यांपैकी एखाद्या पोर्टवर चालते. ही रेंज केवळ व्यवस्थापन सर्व्हरच्या पत्त्यापुरती खुली करावी.

शेवटी, स्कॅनमध्ये असलेली पण डिरेक्टरीत नसलेली यंत्रे वेगळी काढावीत. त्यांत प्रिंटर आणि कॅमेरे असतीलच. डोमेनला न जोडलेला संगणक किंवा परवानगीशिवाय लावलेला वायफाय राउटरही तेथेच सापडतो.