सोलापूरहून रेल्वेने बदामी आणि विजयपूर

सोलापूरजवळच्या होटगीहून गदगकडे जाणारा लोहमार्ग चालुक्यांची बदामी आणि आदिलशाहीचे विजयपूर या दोन राजधान्यांना जोडतो. अनेक सोलापूरकर सकाळी विजयपूरला जाऊन संध्याकाळी परततात आणि बदामी राहूनच जाते. माझा आग्रह असा, की निदान तीन दिवस हाताशी ठेवावेत, आधी थेट बदामीचे तिकीट काढावे आणि विजयपूरला परतीच्या वाटेवर उतरावे. म्हणजे सहाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतचा इतिहास क्रमाने पाहता येतो.

दसऱ्यानंतरचे हिवाळ्याचे दिवस या प्रवासाला उत्तम. गाड्या मोजक्या असल्याने दोन्ही बाजूंचे आरक्षण एकदमच करावे. शक्य असल्यास दिवसाची गाडी निवडावी, कारण आधी भीमा आणि पुढे अलमट्टीजवळ कृष्णा ओलांडतानाचे दृश्य चुकवू नये असेच आहे. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी असली, की वाटेतल्या जेवणाची चिंता उरत नाही.

बदामी स्थानक गावापासून सुमारे पाच किलोमीटरवर आहे. तेथून रिक्षा मिळते. पहिल्या दिवशी लेणी पाहावीत. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८चा, चालुक्य राजपुत्र मंगलेशाचा शिलालेख आहे. दुसरा दिवस पट्टदकल आणि ऐहोळेसाठी ठेवून शक्यतो दिवसभराचे वाहन ठरवावे. पट्टदकलला नागर (उत्तरेकडील) आणि द्राविड (दक्षिणेकडील) शैलीची शिखरे शेजारी शेजारी उभी आहेत, तरी मराठी माणसाने ऐहोळेच्या मेगुती टेकडीसाठी अधिक वेळ राखावा. तेथील जैन मंदिराच्या भिंतीवर इ. स. ६३४ची रविकीर्ती या कवीची प्रशस्ती कोरलेली असून, सम्राट हर्षाचा पराभव करणारा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाल्याचे तीत म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या जुन्या दगडावर पाहण्यासाठी टेकडीच्या पायऱ्या अवश्य चढाव्यात.

विजयपूरला मुक्काम करून गोल घुमट सकाळी उघडताच गाठावा. गर्दी वाढली, की सज्जातील प्रतिध्वनी नीट ऐकू येत नाही. मोहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर शहराच्या पश्चिमेकडे जाऊन बुरुजावरची, परांड्याच्या किल्ल्यातून आणलेली मलिक-ए-मैदान तोफ आणि शेवटी इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर, पाहावा. रेल्वे स्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोल घुमटाच्या बाजूला असल्याने गाडीच्या वेळेआधी तासभर तरी तेथून निघावे.