जेसीबी घ्यायचाय? आधी वही आणि टेप काढा

आपल्या कोल्हापूरकडं बॅकहो लोडर, म्हणजे पुढं भरायचं आणि मागं खणायचं बकेट असलेलं मशीन, कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला जेसीबीच म्हणतात. केस किंवा टाटा हिताचीचं मशीन घेतलेला मालकसुद्धा 'माझा जेसीबी शिरोलीला कामावर हाय' असंच सांगतो. तेव्हा कंपनीवरून वाद घालण्याआधी वही उघडा. गेल्या वर्षी भाड्याच्या मशीनला किती तासांचे पैसे मोजले ते महिन्यावार लिहा. पाया, चर, मुरूम भरणी, सपाटीकरण असे वेगळे रकाने करा. जून ते सप्टेंबरचे रकाने बहुतेकांचे रिकामेच निघतात, हप्ता मात्र त्या महिन्यांतही येतो. डिझेल, ऑपरेटरचा पगार, ग्रीस-ऑइल वजा करून आठ महिन्यांच्या तासांत बारा हप्ते बसत नसतील तर भाड्याचंच मशीन बरं. यात कमीपणा कसला?

गणित बसलं, तर टेप घेऊन कामाच्या जागा मोजा. नेहमीचं पाऊणशे हॉर्सपॉवरच्या आसपासचं मशीन साधारण साडेसात फूट रुंद आणि सात-साडेसात टनांचं असतं. मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या पायासाठी मी असं मशीन बोलावलं होतं. बोळाच्या तोंडाला एकीकडं कट्टा, दुसरीकडं विजेचा खांब. मशीन आत गेलंच नाही. उभ्या मशीनचं दोन तासांचं भाडं दिलं आणि पाया चार गड्यांनी टिकावानं खणला. पेठांतलीच कामं जास्त असतील तर 50 हॉर्सपॉवरचं लहान मशीन बघा. पण तेच कागल एमआयडीसीत शेडच्या भरावाला नेलंत तर ते दिवसभर नुसतं धावत राहील आणि डंपर रांगेत उभे.

मग माती. शिरोळकडची काळी माती एका पावसात चाक गिळते. तिथं फोर व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे वसूल होतात. कोरड्या मुरमातच काम असेल तर ते कशाला भरायचे? खाली काळा दगड लागत असेल तर दगड फोडायच्या ब्रेकरची हायड्रॉलिक लाइन घेतानाच बसवून घ्या, आणि रोज ब्रेकर चालणार असेल तर सांध्यांतल्या झिजणाऱ्या पिन-बुशचा खर्च वहीत वेगळा धरा.

मागच्या बकेटच्या रुंदीकडं फारसं कुणी बघत नाही, नुकसान मात्र तिथंच होतं. उसाला पाणी न्यायची पाइपलाइन दीड फुटाच्या चरात बसते. मशीनबरोबर येणारं बकेट अडीच-तीन फुटी. म्हणजे दुप्पट माती काढायची, दुप्पट बुजवायची, डिझेल आपलं. अरुंद बकेट सोबतच मागा, भावात बसवता येतं. खोली मात्र नेहमीच्या मशीनला चौदा-सोळा फूट मिळतेच आणि घराच्या पायाला तेवढी लागत नाही, त्यासाठी जादा मोजू नका. पुढचं बकेट उलटं करून ते तुमच्या डंपरच्या फाळक्यावरून जातं का, हेही टेपनंच बघा.

जुनं मशीन घेणार असाल तर मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिन कसं उठतं आणि निळा धूर टाकतं का, ते तेव्हाच कळतं. बूम, म्हणजे मागचा मोठा हात, वर उचलून इंजिन बंद करा आणि जरा लांब उभं राहून चहा घ्या. तेवढ्या वेळात बूम खाली आला तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्हमधून तेल गळतंय. मागचं बकेट हातानं हलवा, खडखडलं तर पिन-बुश गेलेत. बूम जिथं चेसीला जोडलाय तिथं नव्या रंगाखाली वेल्डिंगचा जोड दिसतो का, बोट फिरवून बघा. मीटरवर तीन हजार तास आणि पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर विश्वास पेडलवर ठेवा.

नवं घेताना 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या सीईव्ही स्टेज 5 नियमाचं, म्हणजे बांधकाम यंत्रांच्या धुरावरच्या नियमाचं, इंजिन येतं. त्याला बॅरलमधलं भेसळीचं डिझेल चालत नाही, म्हणून साइटवर डिझेल कुठून येणार हे आधीच ठरवा. कागदांत आरटीओची नोंदणी, विमा, जुन्यावर बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला. मुरूम काढायचा असेल तर तहसील कार्यालयाची गौण खनिजाची परवानगी वेगळी.

ऑपरेटर मशीनच्या आधी ठरवा आणि ट्रायलला त्यालाच बसवा. शेतात चर मारण्यापूर्वी जमीनमालकाला पाइप कुठून गेलाय ते विचारून चुन्यानं खूण करायची सवय त्याला आहे का, हेही बघा. माझ्या एका कामावर हे राहिलं आणि ऐन मार्चात फुटलेली पाइपलाइन मी पदरचे पैसे घालून जोडून दिली.

शेवटची नोंद पावसाळ्याची. नदीकाठच्या साइटवर मशीन असेल तर राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकण्याआधीच ते वर काढायचं, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. रात्री चावी कुणाकडं असेल, त्याचं नाव आणि फोन वहीच्या पहिल्या पानावर लिहा.