नवा करार लिहिला गेला त्या क्रमानं कसा वाचावा

वाचायला बसण्याआधी एक काम करा. नव्या कराराची, म्हणजे ख्रिस्ती बायबलच्या दुसऱ्या भागाची, अनुक्रमणिका समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढं तो मजकूर साधारण कधी लिहिला गेला ते साल पेन्सिलीनं टाका. सत्तावीस नावं आहेत, अर्ध्या तासाचं काम. पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाचं थेस्सलनीकाकरांस (म्हणजे थेस्सलनीका शहरातल्या विश्वासणाऱ्यांना) पहिलं पत्र इ.स. ५० किंवा ५१ चं. येशूची हकिकत सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क ७० च्या आसपासचा. मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या दरम्यानचे, योहान ९० नंतरचा. बहुतेक अभ्यासक ही सालं अशीच धरतात, पाच-दहा वर्षं इकडंतिकडं. आता पुन्हा अनुक्रमणिका बघा. बांधणीत मत्तय पहिल्या पानावर आहे आणि वयानं सगळ्यांत थोरलं पत्र पार मागं जाऊन बसलंय. येशूच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी लिहिलेलं ते पत्र हा आपल्या हाती असलेला जवळजवळ सगळ्यांत जुना ख्रिस्ती मजकूर. वाचायला तिथूनच सुरुवात करायची.

मी खानापूरला मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. नववीला रोमचा धडा चालू असताना मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, येशू कुठल्या चर्चला जायचा ओ?" वर्ग हसला. प्रश्न मात्र बरोबर होता आणि माझ्याकडं तेव्हा त्याचं नीट उत्तर नव्हतं. उत्तर असं: येशू यहुदी. शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जाणारा, सणाला यरुशलेमच्या मंदिरात जाणारा. त्याच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव त्याच्या मागं, तेव्हाच्या सिरियातल्या (आज तुर्कस्तानातल्या) अंत्युखिया शहरात पडलं. येशूनंतर शिष्यांनी काय केलं ते सांगणारं 'प्रेषितांची कृत्ये' हे नव्या करारातलंच पुस्तक, त्याच्या अकराव्या अध्यायात तसं लिहिलंय. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, आणि तेव्हापासून रविवारी दुपारी आमच्या सोप्यात आठ-दहा जण वाचायला बसतो. दोघी चर्चला जाणाऱ्या, तिघे वारकरी, बाकीचे माझ्यासारखे, नुसता इतिहास आवडतो म्हणून येणारे.

घरातलं पुस्तक उसवू नका. आमच्यातल्या एकीनं पहिल्याच रविवारी सांगितलं, "पानं सुटी करायची असतील तर झेरॉक्स काढा, माझ्या आईचं पुस्तक आहे हे." तिचं खरं होतं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचे पाच अध्याय, ८९ वचनं. झेरॉक्सची मोजकी पानं होतात. कोपऱ्यात टाचणी मारून वेगळं ठेवा. तसंच गलतीकरांस पत्राचं करा, फिलेमोनाचं करा (एकच अध्याय, २५ वचनं), मग करिंथकरांस दोन्ही, फिलिप्पैकरांस आणि रोमकरांस. ही सात पत्रं पौलाचीच यावर अभ्यासकांचं जवळजवळ एकमत आहे. त्याच्या नावावर एकूण तेरा आहेत; उरलेली सहा नंतर वाचा.

आता वाचायचं कसं? मोठ्यानं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी कागद पालथा ठेवून ऐकायचं. थेस्सलनीकाच्या पत्राच्या शेवटी पौल स्वतःच बजावतो की हे सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहात, कितीकांना वाचता येत होतं? फार थोड्यांना. पौल सांगायचा, दुसरा कुणी लिहून घ्यायचा. रोमकरांस पत्राच्या शेवटी तो लिहून घेणारा, तर्तिय, मध्येच आपला स्वतःचा नमस्कार घालतो. आणि गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल लेखणी आपल्या हाती घेतो आणि म्हणतो, बघा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हातानं लिहितोय. मला हे वाक्य वाचताना दरवेळी माझ्या आजोबांची सही आठवते. वळणदार कारकुनी अक्षराच्या खाली मोठी, ठसठशीत, उताऱ्याची अर्धी ओळ खाणारी. रोमचं पत्र बहुधा फिबी नावाच्या बाईनं नेलं. करिंथजवळच्या किंख्रियातल्या मंडळीची ती सेविका, आणि पौल तिची शिफारस नावानिशी करतो.

नावांचं काय करायचं, हे आम्हा बेळगावकरांना शिकवावं लागत नाही. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर कन्नडमध्ये जरा वेगळं, आधारवर तिसरंच. तिन्ही मीच. येशूचा शिष्य केफा आणि पेत्र हा असाच एक माणूस: मूळ नाव शिमोन, 'खडक' या अर्थाचं टोपणनाव अरामी भाषेत केफा आणि ग्रीकमध्ये पेत्र. शौल आणि पौलही एकच. गालीलात घरी अरामी, प्रार्थनेत हिब्रू, बाजारात आणि शहरात ग्रीक, रोमच्या फौजेची आणि कायद्याची भाषा लॅटिन. एक वही करा, डाव्या बाजूला ही जोडनावं लिहा आणि उजव्या बाजूला ग्रीक मजकुरात न बदलता राहिलेले अरामी शब्द टिपत जा. 'अब्बा' म्हणजे बाप. 'मारानाथा' म्हणजे आमच्या प्रभू, ये. मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून घरात आकांत चाललाय. येशू तिचा हात धरून म्हणतो, 'तलीथा कूम'. मुली, ऊठ. मार्कनं सगळी गोष्ट ग्रीकमध्ये लिहिली आणि हे दोन शब्द मात्र ऐकले तसेच ठेवले. सकाळी पोरीला उठवणाऱ्या आईचे शब्द आहेत ते.

गलतीकरांस पत्राला सगळ्यांत जास्त वेळ द्या. आम्ही तीन रविवार दिले. दुसरा अध्याय एकाकडं द्या आणि प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा दुसऱ्याकडं. दोन्ही मजकूर बहुधा यरुशलेममधल्या एकाच बैठकीबद्दल आहेत, साधारण इ.स. ४९ ची. प्रश्न असा होता की यहुदी नसलेल्यानं येशूवर विश्वास ठेवला तर त्याची सुंता करायची का, खाण्यापिण्याचे नियम त्याला लावायचे का. दोघांनी आपापल्या मजकुरातून निर्णय काय झाला ते सांगायचं. कृत्यांमध्ये चार बंधनं सांगितली आहेत: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि व्यभिचार यांपासून दूर राहा. पौल म्हणतो, माझ्यावर काहीच लादलं नाही, फक्त गरिबांची आठवण ठेवा म्हणाले. तिथं हजर असलेला माणूस एक सांगतो आणि तीस-चाळीस वर्षांनी सगळं जुळवून लिहिणारा दुसरं. लगेच कुणाला खोटं ठरवू नका. दोन्ही विधानं वहीत समोरासमोर लिहा आणि ठेवा तशीच.

मग अकराव्या वचनापासून पुढं जा. केफा अंत्युखियाला आला. परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसून जेवायचा. यरुशलेमहून याकोबाकडून (येशूच्या भावाकडून) माणसं आली आणि तो पंगतीतून उठला, वेगळा बसायला लागला. बाकीचे यहुदीही त्याच्या मागं उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलानं सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं.

हे वाचून आमच्या सोप्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. मी सांगितलं ते इथंही सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमच्या शेताला लागून ज्याचं शेत होतं, तो दुसऱ्या जातीचा. भात लावणीच्या दिवसांत वडील आणि तो बांधावर एकाच किटलीतला चहा प्यायचे, मी बघितलंय. जत्रेला आमच्याकडं पै-पाहुणे आले, अंगणात पंगत बसली, आणि तो माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. वडिलांनी त्याच्याकडं बघितलं आणि मान वळवली. त्याला पान मागाहून, गोठ्याकडं. वडील वाईट नव्हते. पाहुण्यांना भ्याले. पौलानं केफाबद्दल नेमका हाच शब्द वापरलाय: भ्याला. ख्रिस्ती धर्म यहुदी घरातून बाहेर पडून निराळा कसा झाला, याची पुस्तकं लठ्ठ असतात. पण भांडणाचं मूळ जेवायच्या जागी होतं आणि पंगत म्हणजे काय हे ठाऊक असलेल्याला ते लगेच कळतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय इथंच जोडून घ्या. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत एकत्र जेवायला, जमतात, आणि कोण उपाशी, तर कोण पिऊन तर्र. ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं पौल विचारतो तेव्हा त्याचा आवाज चढलेला ऐकू येतो.

सालं कुठून आली, असं कुणीतरी विचारणारच. एक पक्की खुंटी दाखवा. पौल करिंथात दीड वर्ष राहिला आणि त्याला अखयाचा सुभेदार गल्लियो याच्यापुढं उभं केलं, असं कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. ग्रीसमध्ये डेल्फीला सम्राट क्लौद्य याच्या पत्राचा शिलालेख तुकड्या-तुकड्यांनी सापडला, त्यात याच गल्लियोचं नाव आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ च्या सुमाराची ठरते. बाकीची पत्रं या खुंटीला मागंपुढं बांधायची. शिलालेखावरून राजाचं साल काढणं हे हलशीच्या देवळात पोरांना घेऊन जाणाऱ्या माझ्यासारखीला नवीन नव्हतं.

पत्रं संपली की मार्क हाती घ्या. सोळा अध्याय. एका बैठकीत झाला तर उत्तम, आम्हाला दोन लागल्या. तो वाचताना एक मोठी घटना डोक्यात ठेवा: इ.स. ७० साली रोमच्या फौजेनं यरुशलेमचं मंदिर जाळलं. पहिल्या पिढीची माणसं मरत चालली, मंदिर गेलं, आणि तोंडी चाललेलं लिहून ठेवायची निकड वाढली. सोळाव्या अध्यायात आठव्या वचनाशी थांबा. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथंच संपतो. कबर रिकामी आहे आणि बाया घाबरून पळतात. पुढची वचनं मागाहून जोडलेली आहेत.

शुभवर्तमानं एकमेकांशी ताडून कशी वाचायची, त्यासाठी एकच गोष्ट पुरे. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळं आत जाता येत नाही, म्हणून छपरातून खाली सोडतात. मार्क २:४ मध्ये ते छप्पर उकरतात. लूक ५:१९ मध्ये कौलं काढतात. मत्तय छपराचं नावच घेत नाही. आमच्यातले एक काका घराची कौलं दरवर्षी पावसाआधी स्वतः शाकारतात, ते पटकन म्हणाले, "उकरायचं म्हटलं तर मातीचं पाहिजे की. कौल उकरत नाहीत." बरोबर बोलले. गालीलात घरांवर लाकडाच्या वाशांवर फांद्या आणि माती थापलेली असायची. लूकचे वाचक ग्रीक शहरांतले, कौलारू घरांतले, त्यांना समजेल असं त्यानं लिहिलं. मत्तय आणि लूक मार्क समोर ठेवून लिहीत होते हे अशा जागी हाताला लागतं.

मग बाहेरच्यांच्या साक्षी. योसेफस हा यहुदी इतिहासकार ९३-९४ च्या सुमारास लिहितो की येशूचा भाऊ याकोब याला दगडांनी मारलं. ते साल ६२. रोमन इतिहासकार टॅसिटस ६४ सालच्या रोमच्या आगीचा आळ सम्राट नीरोनं ख्रिस्ती लोकांवर घातल्याचं सांगतो. पण वेळ द्यायचा तो प्लिनीला. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या प्रांताचा हा रोमन अधिकारी ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला विचारतो, या लोकांचं करू काय? ते ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गातात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, मग पुन्हा जमून साधं जेवतात. खरं काढण्यासाठी सेविका म्हणवणाऱ्या दोन दासींचे त्यानं हाल केले. त्यांची नावं त्यानं लिहिलेली नाहीत. ट्राजनचं उत्तर: हुडकत फिरू नका, आणि निनावी अर्जांवर कारवाई करू नका. हे पत्र आमच्यातल्या तहसील ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाकडून वाचून घेतलं. त्याला त्यातला सूर आमच्याहून आधी कळला.

पुढची अडीचशे-पावणेतीनशे वर्षं सवडीनं. चार सालं मात्र गोंधळू देऊ नका, कारण फोनवर फिरणाऱ्या मजकुरात ती हमखास गोंधळलेली असतात. ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, तो राजधर्म केला नाही. ३२५ च्या निकियाच्या परिषदेत येशूच्या देवत्वावरून अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस याच्याशी वाद झाला आणि ईस्टरची तारीख ठरवण्यावर बोलणं झालं. बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची हे तिथं ठरलं नाही. आजची सत्तावीस नावं, एवढीच आणि एकही जास्त नाही, अशी यादी आपल्याला ३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या पत्रात मिळते. राजधर्म झाला ३८० साली, सम्राट थिओडोसियसच्या हुकमानं.

नकाशा पहिल्या दिवसापासून भिंतीवर पाहिजे. आमच्याकडं ख्रिस्ती म्हटलं की लोकांना गोव्याचे पोर्तुगीज नाहीतर कॅम्पातले इंग्रज आठवतात. यरुशलेमवर बोट ठेवा. ते आशियात आहे. अंत्युखिया तिथून पाचएकशे किलोमीटर, बेळगावाहून मुंबई जितकी. पौलाचा रस्ता पश्चिमेला जातो, तो लाल पेन्सिलीनं काढा. दुसरा रस्ता पूर्वेला एदेसा (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा), इराण आणि समुद्रावरून केरळ, तो निळ्या पेन्सिलीनं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी मिरी पिकणाऱ्या मलबारच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती असल्याचं लिहितो, आणि 'कल्लियाना' इथं इराणहून नेमलेला बिशप असल्याचंही. ते कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच जण मानतात. पोर्तुगीज यायच्या हजारएक वर्षं आधी. निळी रेघ तिथपर्यंत आणा.